इंडिजिनस, ॲबोरिजिनल, नेटिव्ह, ट्राइब: सगळ्यांना 'आदिवासी'च म्हणायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॅनडावरच्या एका इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करायचाय, त्यात इंडिजिनस, ॲबोरिजिनल, नेटिव्ह, फर्स्ट नेशन्स, इंडियन, ट्राइब असे शब्द आलटून पालटून येतात, मग सगळीकडे 'आदिवासी' लिहून मोकळं व्हावं का? आणि 'रेड इंडियन' अजून चालतं का, कारण शाळेत तर आपण तेच शिकलो. सोबत कच्च्या अनुवादातलं एक वाक्य पण दिलंय: "कॅनडाचे मूळ रहिवासी असलेल्या रेड इंडियन आणि एस्किमो टोळ्या आरक्षणावर राहतात." या वाक्याकडे शेवटी येते.

मी गेली बावीस वर्षं अनुवाद आणि संपादन करतेय, त्यातला बराच काळ हक्क, जमीन, आरोग्य अशा विषयांवरचे अहवाल आणि पुस्तिका मराठीत आणण्यात गेलाय, आणि याच शब्दांवर मी सगळ्यात जास्त वेळा अडलेय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रेड इंडियन नको, सरळ काढून टाका. आणि सगळीकडे आदिवासी पण नको. 'आदिवासी' हा शब्द वाईट आहे म्हणून नाही, उलट फार चांगला शब्द आहे, पण मूळ लेखातले हे सगळे शब्द एकाच अर्थाचे नाहीत आणि त्यांच्या जागी एकच शब्द टाकला की मूळ लेखकाने केलेला फरक तुमच्या वाचकापर्यंत पोचतच नाही.

मी काम करताना तीन पायऱ्या धरते. सगळ्यात आधी त्या समाजाचं स्वतःचं नाव, म्हणजे हैडा, माओरी, सामी. ते माहीत असेल तर तेच लिहायचं, बास. ते नसेल किंवा अनेक समाजांबद्दल एकत्र बोलायचं असेल तर त्या देशात जो शब्द वापरला जातो तो. आणि जगातल्या सगळ्यांबद्दल मिळून बोलायचं असेल तेव्हाच तिसरी पायरी, म्हणजे आदिवासी जनसमूह किंवा मूळ रहिवासी समाज असला सर्वसाधारण शब्द. आपल्याकडे नेमकं उलट होतं, सर्वसाधारण शब्दापासून सुरुवात होते आणि तिथेच संपतं. म्हणजे कोणी म्हणालं की मला माळी समाजाबद्दल लिहायचंय आणि आपण पूर्ण लेखात फक्त 'आशियाई लोक' लिहिलं तर कसं वाटेल, तसं आहे ते.

आता कॅनडाचंच घ्या. तिथल्या १९८२ च्या संविधानाच्या कलम ३५ मध्ये 'ॲबोरिजिनल पीपल्स' असा शब्द आहे आणि त्यात तीन गट सांगितलेत: इंडियन, इनुइट आणि मेटी. यातल्या 'इंडियन' गटाला आता रोजच्या बोलण्यात फर्स्ट नेशन्स म्हणतात. पण १८७६ चा 'इंडियन ॲक्ट' अजून लागू आहे, त्यामुळे 'स्टेटस इंडियन' (म्हणजे या कायद्याखाली नोंद असलेली व्यक्ती) हा शब्द कायद्याच्या भाषेत जिवंत आहे. म्हणजे तुमच्या लेखात एका परिच्छेदात इंडियन आणि दुसऱ्यात फर्स्ट नेशन्स आलं असेल तर लेखकाने घोळ घातलेला नाही, पहिलं कायद्यातलं आहे आणि दुसरं लोकांचं आहे. आणि इनुइट म्हणजे फर्स्ट नेशन्स नव्हे, मेटी पण नव्हे. मेटी म्हणजे कोणीही मिश्र वंशाचा माणूस असं पण नाही, फर्स्ट नेशन्सच्या स्त्रिया आणि युरोपीय, बहुतेक फ्रेंच, व्यापारी यांच्यापासून पुढे तयार झालेला आणि स्वतःचा इतिहास, स्वतःची भाषा असलेला तो वेगळा समाज आहे. (उच्चार मेटीच करा, मेटिस नाही.)

शब्द किती लवकर बदलतात हे बघायचं असेल तर तिथल्या सरकारी खात्याची पाटी बघा. आधी नावात 'इंडियन' होतं, २०११ ला 'ॲबोरिजिनल' आलं, २०१५ ला 'इंडिजिनस' आलं आणि २०१७ ला खात्याचे दोन भाग करायचं ठरलं. म्हणून लेख कधीचा आहे हे आधी बघत जा, १९९५ सालच्या लेखातला ॲबोरिजिनल हा तेव्हा पूर्ण सभ्य शब्द होता.

एस्किमो हा शब्द पण आपल्या पाठ्यपुस्तकातून पक्का बसलाय, इग्लूच्या चित्रासकट. कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये तो अपमानकारक मानला जातो, इनुइट म्हणायचं. इनुइटचा अर्थ 'माणसं', म्हणजे ते आधीच अनेकवचन आहे, एकवचन इनुक, तेव्हा 'इनुइट्स' लिहू नका. एडमंटनच्या फुटबॉल टीमने २०२० मध्ये नावातला एस्किमो शब्द सोडला. अलास्कात मात्र सांभाळून, तिथले युपिक लोक इनुइट नाहीत, त्यांना उगाच इनुइट म्हटलेलं त्यांनाही आवडत नाही, तिथे 'अलास्का नेटिव्ह' हा एकत्रित शब्द आहे.

रेड इंडियनबद्दल जरा जास्त बोलते कारण लोक मला विचारतात की यात वाईट काय आहे, आपण पण इंडियनच की. यातला इंडियन १४९२ च्या कोलंबसच्या गैरसमजातून आलाय, तो आशियाच्या 'इंडीज'ला पोचलो असं समजत होता. आणि 'रेड' हा कातडीच्या रंगावरून लावलेला. वॉशिंग्टनच्या फुटबॉल टीमने याच रंगावरचं 'रेडस्किन्स' हे नाव अनेक वर्षांच्या विरोधानंतर २०२० मध्ये सोडलं. पण गंमत अशी की अमेरिकेत नुसता 'अमेरिकन इंडियन' हा शब्द मेलेला नाही. तिथलं सरकारी खातं अजून 'ब्युरो ऑफ इंडियन अफेअर्स' आहे, १८२४ पासून, १९६८ ला मिनियापोलिसमध्ये सुरू झालेली चळवळ स्वतःला 'अमेरिकन इंडियन मूव्हमेंट' म्हणवते, आणि तिथले बरेच जुने जाणते लोक 'नेटिव्ह अमेरिकन'पेक्षा इंडियन हाच शब्द पसंत करतात कारण त्यांच्या करारांवर तोच शब्द आहे आणि ते करार त्यांना सोडायचे नाहीत. मराठीत मात्र 'अमेरिकन इंडियन' वाचलं की डोळ्यासमोर न्यू जर्सीतला आपला चुलतभाऊ येतो, म्हणून मी मराठीत नेटिव्ह अमेरिकन किंवा अमेरिकेतले मूळ रहिवासी लिहिते, आणि संस्थांची, कायद्यांची नावं मात्र जशीच्या तशी ठेवते. इंडियन ॲक्टचं 'भारतीय कायदा' आणि इंडियन अफेअर्सचं 'भारतीय व्यवहार' झालेलं मी छापलेल्या मजकुरात बघितलंय.

त्यापेक्षा वाईट एक सापडलं होतं प्रूफ वाचताना. मूळ वाक्यात होतं की ते कुटुंब तीन पिढ्या रिझर्व्हेशनवर राहतंय. अनुवाद होता: "हे कुटुंब तीन पिढ्या आरक्षणावर जगत आहे." एका शब्दाने काय झालं बघा. ज्यांची जमीन काढून घेऊन जे उरलं त्या तुकड्यावर ज्यांना बसवलं, ते लोक मराठी वाचकासाठी तीन पिढ्या सवलती खाणारे झाले. अनुवादकाचा हेतू वाईट नव्हता, डिक्शनरीत रिझर्व्हेशन म्हणजे आरक्षण असंच आहे. तिथे 'राखीव भूमी' किंवा 'राखीव वसाहत' लिहायचं, कॅनडात त्याला 'रिझर्व्ह' म्हणतात, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजावून सांगायचं.

तसाच दुसरा शब्द 'टोळी'. ट्राइब दिसला की टोळी, ही मराठीची फार जुनी खोड आहे. पण आज मराठीत टोळी कोणाची असते? दरोडेखोरांची, खंडणीवाल्यांची. टोळीयुद्ध, टोळीचा म्होरक्या. चार लाखांच्या आसपास सभासद असलेल्या, स्वतःचं सरकार आणि स्वतःची न्यायालयं असलेल्या अमेरिकेतल्या नवाहो नेशनला टोळी कसं म्हणणार? जमात, समाज किंवा जिथे ते स्वतः नेशन म्हणतात तिथे राष्ट्र किंवा सरळ नेशन. आणि 'चीफ'ला म्होरक्या किंवा टोळीप्रमुख नको, प्रमुख पुरे.

आता स्वतःची नावं आणि दुसऱ्यांनी ठेवलेली नावं. अमेरिकेतल्या ज्या लोकांना जग 'सू' म्हणून ओळखतं (स्पेलिंगवरून काहीजण सिऑक्स लिहितात) ते नाव ओजिब्वे शेजाऱ्यांच्या शब्दावरून फ्रेंचांनी करून घेतलेलं आहे, ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणतात. नवाहो स्वतःला दिने म्हणतात, म्हणजे लोक, पण अधिकृत नाव नवाहो नेशन हे त्यांनी स्वतःच ठेवलंय, तेव्हा तिथे आपण त्यांच्यापेक्षा शहाणं व्हायचं कारण नाही. उत्तर युरोपातल्या सामी लोकांना लॅप म्हणत, ते सोडा. दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोइंना हॉटेंटॉट म्हणत, ते तर अजिबात नको. जपानचे ऐनू, ऐनू म्हणजे माणूस, त्यांना जपानच्या कायद्याने मूळ रहिवासी म्हणून मान्यता मिळाली ती थेट २०१९ मध्ये. चिलीतल्या मापुचेंच्या नावात मापू म्हणजे जमीन आणि चे म्हणजे माणसं. तैवानमध्ये सरकारी भाषेत 'डोंगरी देशबांधव' अशा अर्थाचा शब्द होता, तिथल्या लोकांनी दहा वर्षं भांडून १९९४ च्या घटनादुरुस्तीत तो बदलून 'मूळ रहिवासी' करून घेतला.

ऑस्ट्रेलियात 'ॲबोरिजिन' असं नाम वापरणं जुनं आणि खटकणारं मानतात, 'ॲबोरिजिनल लोक' असं विशेषण करून चालतं. आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर, म्हणजे उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक, हे वेगळे, म्हणून तिथे पूर्ण जोडी लिहायची, 'ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट आयलंडर', लांब होतं पण आद्याक्षरं करू नका, ते त्यांना आवडत नाही. त्यातही आग्नेय भागात कूरी, क्वीन्सलंडमध्ये मुरी, नैऋत्येला नूंगर अशी नावं आहेत, सिडनीच्या माणसाला नूंगर म्हणून चालणार नाही. न्यूझीलंडचं सोपं आहे, माओरी. मूळ अर्थ साधा, नेहमीचा. म्हणजे आम्ही साधी माणसं, वेगळे दिसता ते तुम्ही. आणि ते स्वतःला 'तांगाता फेनुआ' पण म्हणतात, त्याचा अनुवाद 'भूमीचे लोक' करतात, पण फेनुआ या एकाच शब्दाचा अर्थ जमीन पण आहे आणि बाळाबरोबर पडणारी वार पण आहे, आणि ती वार आपल्या जमिनीत पुरायची त्यांची रीत आहे. मराठीत आपण म्हणतोच की त्याची नाळ इथे पुरलीय. मी एकदा तिथे 'या मातीत नाळ पुरलेले लोक' असं केलं होतं आणि आजवर केलेल्या अनुवादांमध्ये ते मला सगळ्यात जवळचं वाटतं.

मग 'इंडिजिनस' या शब्दाचं काय करायचं? मशीनला विचारलं तर बरेचदा 'स्वदेशी लोक' येतं, आणि स्वदेशी म्हणजे आपल्याकडे खादी आणि विदेशी कापडाची होळी, तो अर्थ पुसला जाणार नाही. 'एतद्देशीय' हा एकोणिसाव्या शतकातल्या मराठीतला खरं तर नेमका शब्द, नेटिव्हसाठीच वापरायचे, पण आज वाचक तिथेच थांबेल. 'भूमिपुत्र' महाराष्ट्रात नोकऱ्यांच्या राजकारणात अडकलाय, आणि मलेशियात तर 'बुमीपुतेरा' म्हणजे मुख्यतः बहुसंख्य मलय, तिथल्या द्वीपकल्पातल्या मूळ लोकांना 'ओरांग अस्ली' म्हणतात. 'मूलनिवासी' शब्दशः बरोबर आहे, पण मराठीत तो बहुजन चळवळीने घेतलेला शब्द आहे, त्यात दलित, ओबीसी सगळे येतात, तेव्हा वाचक तो अर्थ लावणार हे धरून चला. म्हणून उरतात 'मूळ रहिवासी' आणि 'आदिवासी'. जागतिक संदर्भात मी बहुतेक वेळा 'आदिवासी जनसमूह' लिहिते. जनसमूह का, तर इंग्रजीत 'पीपल' आणि 'पीपल्स' यातल्या एका एसवरून आंतरराष्ट्रीय पातळीवर अनेक वर्षं भांडण झालंय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५७ च्या करारात 'पॉप्युलेशन्स' होतं, म्हणजे लोकसंख्या, १९८९ च्या करारात 'पीपल्स' आलं. भांडण यासाठी की पीपल्स म्हटलं की स्वयंनिर्णयाचा हक्क मागे येतो. भारताने पहिला करार मान्य केला, दुसरा नाही. मराठीत लोक म्हटलं तर दोन्ही एकच, म्हणून जनसमूह. संयुक्त राष्ट्रांचा आदिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ ला मंजूर झाला, १४४ देश बाजूने, विरोधात फक्त चार: कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही नंतर भूमिका बदलली. भारताने बाजूने मत दिलं, पण आपल्या सरकारची भूमिका कायम अशी राहिलीय की इथले सगळेच भारतीय मूळ रहिवासी आहेत. म्हणजे भारताबद्दल 'इंडिजिनस'चा अनुवाद करताना तुम्ही एका वादात पाऊल टाकताय हे माहीत असू द्या.

आपल्याकडचे शब्द पण एकदा नीट वेगळे करते. 'अनुसूचित जमाती' हा कायद्याचा शब्द, कलम ३४२ खाली राज्यवार यादी असते, तेव्हा ती यादी आहे, ओळख नाही. बंजारा समाज तेलंगणात त्या यादीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जाती भटक्या जमातींमध्ये आहे. 'आदिवासी' हा लोकांनी स्वतः उचललेला शब्द, साधारण १९३० च्या दशकात छोटानागपूरच्या चळवळीतून पुढे आला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कॅप्टन असलेले जयपाल सिंग मुंडा यांनी संविधान सभेत हाच शब्द मागितला होता आणि 'बनजाति' या शब्दाला ठाम विरोध केला होता. शब्द मिळाला नाही, पण लोकांनी सोडला पण नाही. तरी तो पूर्ण भारताला लागत नाही. नागा, मिझो लोक स्वतःला आदिवासी म्हणत नाहीत, आणि आसाममध्ये आदिवासी म्हटलं की झारखंडकडून चहामळ्यात नेलेल्या मजुरांचे वंशज, ज्यांना तिथे अनुसूचित जमातीचा दर्जाही नाही.

'वनवासी' बद्दल माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका आरोग्य पुस्तिकेत मी 'वनवासी बंधू भगिनी' लिहिलं होतं, मला तो शब्द गोड वाटला होता. पुस्तिका वाचून दाखवताना एक बाई शांतपणे म्हणाल्या, "वनवास शिक्षा म्हणून असतो ना ताई? आम्ही कुठून तरी इथे आलेलो नाही, आम्ही इथलेच." मी त्या दिवसापासून तो शब्द लिहिलेला नाही. 'वासी' दोन्हीत आहे, पण 'आदि' म्हणतो की आम्ही आधीपासून आहोत आणि 'वन' म्हणतो की तुम्ही फक्त जंगलात राहता, जमिनीवरचा हक्क पहिल्या शब्दात आहे, दुसऱ्यात नाही. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' हा वेगळा गट आहे, जो अनुसूचित जमातीत नाही, तो घोळ वेगळाच. पण हे पण सांगायला हवं की श्रीलंकेतले वेद्दा स्वतःला 'वन्नियाला एत्तो' म्हणतात, म्हणजे जंगलातले लोक. ते त्यांनी स्वतः घेतलेलं नाव आहे, बाहेरून दिलेलं नाही, तेव्हा तिथे ते बरोबर.

आणि जिथे शक्य तिथे भारतातही पहिली पायरीच. वारली, कोरकू, कातकरी, भिल्ल, कोलाम, माडिया. गोंड स्वतःला कोइतूर म्हणतात.

शब्दापलीकडे मराठीत दोन सवयी अशा आहेत की शब्द बरोबर असूनही वाक्य चुकतं. पहिली, ते एकवचनी 'हा'. "आदिवासी हा निसर्गपूजक असतो, तो भोळा असतो." वाघ हा मांसाहारी प्राणी आहे, याच चालीवर. माणसांबद्दल असं लिहू नका, "वारली लोक", "या गावातले कोलाम" असं लिहा. इंग्रजीत आदर दाखवायला इंडिजिनसचा आय कॅपिटल करतात, देवनागरीत कॅपिटल नाही, आपल्याकडे आदर अनेकवचनात आणि क्रियापदात असतो. दुसरी सवय भूतकाळाची. "माया लोक लोप पावले" असं सर्रास लिहितात, अहो ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत लाखो लोक आज माया भाषा बोलतात. टास्मानियाचे शेवटचे मूळ रहिवासी १८७६ मध्ये गेले असं अजून छापतात, त्यांचे वंशज आज तिथे आहेत आणि स्वतःला पालावा म्हणतात. त्या काळचं वर्णन भूतकाळात असू दे, पण लोकांना संपवू नका.

आता तुमचं वाक्य. रेड इंडियन, एस्किमो, टोळ्या आणि आरक्षण या चारही गोष्टी वर आल्यात. राहिला 'कॅनडाचे' मधला 'चे'. तो मालकीचा वाटतो, 'आपले आदिवासी' म्हणतात तसा, म्हणून 'कॅनडातले' करा, कारण ते लोक कॅनडा नावाचा देश होण्याच्या हजारो वर्षं आधीपासून तिथे आहेत. अजून एक अडचण आहे, रिझर्व्ह ही व्यवस्था इंडियन ॲक्टखालची, म्हणजे फर्स्ट नेशन्सपुरती, इनुइट रिझर्व्हवर राहत नाहीत, त्यांची वस्ती मुख्यतः उत्तरेत, १९९९ मध्ये वेगळा झालेला नुनावुत प्रदेश त्यातलाच. आणि सगळे फर्स्ट नेशन्स लोक पण रिझर्व्हवर नाहीत, कितीतरी शहरात राहतात. म्हणून मी असं लिहीन: "कॅनडातल्या मूळ रहिवासी समाजांपैकी फर्स्ट नेशन्सचे काही लोक सरकारने ठरवून दिलेल्या राखीव भूमीवर, म्हणजे रिझर्व्हवर राहतात, इनुइट मुख्यतः उत्तरेकडच्या प्रदेशात राहतात." मूळ लेखात त्या समाजाचं नाव दिलं असेल, क्री किंवा ब्लॅकफुट किंवा जे काही असेल, तर 'फर्स्ट नेशन्सचे काही लोक' काढून ते नाव टाका.